सातवीच्या गणिताचं पहिलं सत्र: आधी तासिका मोजा, मग धडे वाटा

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक वार्षिक नियोजन मागतात. बहुतेक जण गेल्या वर्षीची वही काढतात, तारखा बदलतात आणि सही घेऊन मोकळे होतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. कागदावर ऑगस्टअखेर सहा प्रकरणं संपलेली असायची, वर्गात चौथं चालू असायचं आणि ऑक्टोबरात ‘पोर्शन’ संपवायची घोडदौड सुरू व्हायची. त्या घोडदौडीत बैजिक राशी सापडायच्या, आणि पुढच्या सत्रात (a + b)² सारख्या वर्गविस्ताराला मुलं आडवी व्हायची. आता माझ्याकडे दोन नियोजनं असतात, एक कपाटातल्या फाइलला आणि एक खिशातल्या वहीत. हा लेख खिशातल्या वहीबद्दल आहे.

उदाहरणासाठी मी इयत्ता सातवी आणि बालभारतीचं २०१७ पासून चालत आलेलं पुस्तक घेतलंय. पहिल्या विभागात आठ प्रकरणं: भौमितिक रचना, पूर्णांक संख्यांचा गुणाकार व भागाकार, मसावि-लसावि, कोन व कोनांच्या जोड्या, परिमेय संख्या, घातांक, जोडस्तंभालेख आणि बैजिक राशी. तुमचा वर्ग किंवा पुस्तक वेगळं असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

तासिका मोजणं

कॅलेंडर समोर घ्या आणि पेन्सिल हातात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण १८ आठवडे मिळतात. (विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तिथे सुरुवातीलाच दोनेक आठवडे वजा करा.) रोज एक तासिका धरली तर १८ × ६ = १०८. बरेच जण हाच आकडा आठ प्रकरणांत वाटतात आणि तिथेच फसतात.

आता वजाबाकी. आषाढी, स्वातंत्र्यदिन, ईद, दहीहंडी आणि आमच्या कोकणात गणपतीचे निदान पाच दिवस, मिळून १२ गेले. शाळेची दिंडी, पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तयारी, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा, पाच सप्टेंबरला मुलंच शिक्षक होतात तो दिवस, शिवाय आपलं एखादं प्रशिक्षण, असे ८. अतिवृष्टीची सुट्टी किंवा ओढ्याला पाणी आल्याने निम्मा वर्ग रिकामा, असे ४. घटक चाचणी आणि सत्र परीक्षा मिळून १०. म्हणजे ३४ गेले, ७४ उरले.

त्यातल्या सुरुवातीच्या ६ तासिका मागची उजळणी तपासायला. आणखी ६ मोकळ्या ठेवायच्या, कुठल्याच धड्याच्या नावावर लिहायच्या नाहीत. वाटायला राहिल्या ६२. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस सांगतो, पण कामाचा दिवस आणि गणिताची तासिका यांत किती अंतर आहे ते ही वजाबाकी केल्यावरच कळतं. माझे आकडे तुमचे नाहीत. पोळा, यात्रा, आठवडी बाजार, मुलं शेतावर जातात तो काळ हे सगळं गावाप्रमाणे बदलतं, म्हणून गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक काढा आणि कोणत्या आठवड्यात वर्ग रोडावतो ते बघा. हजेरीपत्रकाइतका खरा नियोजनाचा कागद शाळेत दुसरा नाही.

पहिल्या सहा तासिका

पहिल्या दिवशी मोठी चाचणी घेऊ नका. सहाच प्रश्न फळ्यावर लिहा, नाव घालून कोऱ्या कागदावर सोडवायला सांगा, गुण देणार नाही असं आधीच सांगा. माझे प्रश्न असे असतात: ६१२ ÷ ६, १/२ + १/३, ७ − १२, ३.७ आणि ३.२५ यांत मोठी संख्या कोणती. फळ्यावर काढलेला एक लघुकोन अंदाजे किती अंशांचा. आणि २४ चे सगळे विभाजक.

बरोबर उत्तरं मोजण्यापेक्षा चुकीची उत्तरं वाचा. ६१२ ÷ ६ चं उत्तर १०२ ऐवजी १२ आलं, तर त्या मुलाला भागाकार येतो, भागात शून्य कधी लिहायचं ते येत नाही. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणारा मुलगा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतोय, त्याच्या लेखी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या आहेत. ३.२५ मोठी म्हणणारा पंचवीस आणि सात यांची तुलना करतोय. ७ − १२ ला ‘वजा होत नाही’ म्हणणारं मूल सहावीचा पूर्णांक विसरलंय किंवा त्या काळात गैरहजर होतं. कोन ६० च्या जागी १२० सांगणाऱ्याला कोनमापकाच्या दोन मापनपट्ट्यांमधला फरक दाखवावा लागेल.

कागदांचे गठ्ठे करा, पण हुशार-मध्यम-कच्चे असे नकोत. चुकांच्या प्रकाराप्रमाणे करा. एकच मुलगा तीन गठ्ठ्यांत असू शकतो. उरलेल्या पाच तासिकांत याच चुकांवर काम होतं, मुलांनी एकमेकांना समजावून, कागदाच्या पट्ट्या दुमडून. सगळं दुरुस्त होत नाही. पण परिमेय संख्यांना किती तासिका लागणार आहेत याचा अंदाज याच गठ्ठ्यांवरून येतो, आणि तो पुस्तकातल्या पानांवरून कधीच येत नाही.

धड्यांचा क्रम

पुस्तकात पहिलं प्रकरण भौमितिक रचना. जूनमध्ये वर्गात उभं राहून विचारा, कंपासपेटी किती जणांकडे आहे? आमच्याकडे निम्म्यांकडे नसते. दप्तर, वह्या, गणवेश यांत घरचे आधीच टेकीला आलेले असतात, पेटी जुलैच्या बाजारात येते. मग जूनमध्ये कोनदुभाजक कशाने काढणार? म्हणून मी पुस्तकाचा क्रम मोडतो. पुस्तकाच्या क्रमानेच शिकवा असा आग्रह कुणी धरला, तर कुठल्या प्रकरणाचा पाया कुठल्या प्रकरणात आहे हे कागदावर बाणांनी दाखवा. मला अजून कुणी अडवलेलं नाही.

हे बाण काढणं हेच नियोजनाचं खरं काम. लसाविवरून बाण परिमेय संख्यांच्या बेरजेकडे जातो, कारण छेद समान करायचे असतात. पूर्णांकांच्या गुणाकारावरून तीन बाण निघतात: परिमेय, घातांक, बैजिक राशी. (−२) चा घन काढायचा तर चिन्हं पक्की हवीत, कंस सोडवायचा तरी हवीत. परिमेयवरून एक बाण घातांकाकडे, कारण ऋण घातांक म्हणजे गुणाकार व्यस्त. भौमितिक रचना आणि कोन यांच्यावरून या सत्रात कुठेच बाण जात नाही.

या शेवटच्या गोष्टीचा मोठा फायदा आहे. जुलैत भातलावणी असते, मोठी मुलं आठ-आठ दिवस येत नाहीत. त्या काळात मी रचना घेतो. राहिलं तर मूल नंतर शेजाऱ्याची वही बघून त्रिकोण काढू शकतं, पुढचं काही अडत नाही. तेच परिमेय संख्या लावणीत घेतल्या तर सत्र हातचं गेलं.

माझा क्रम आणि वाटप असं: पूर्णांक ८, भौमितिक रचना ८, मसावि-लसावि ५, परिमेय संख्या १४, मग गणपतीच्या आगेमागे जोडस्तंभालेख ३, त्यानंतर घातांक ६, बैजिक राशी १०, शेवटी कोन ८. बेरीज ६२. मसावि-लसावि सहावीतही झालेलं असतं म्हणून पाचच. स्तंभालेख सहावीत झालेला आहे, सातवीत एका स्तंभाशेजारी दुसरा काढायचा, त्याला तीन पुरतात, आणि सुट्टीने तुटलेल्या आठवड्यात असलाच धडा बसतो. शेवटी कोन का? कारण शेवटचं प्रकरण नेहमी घाईत होतं, आणि कोनांना घाई सोसते. कोटिकोन नव्वदचे, पूरककोन एकशे ऐंशीचे, विरुद्ध कोन समान, हे मुलांना आवडतं आणि परीक्षेत गुणही देतं. बैजिक राशी शेवटी ठेवू नका, त्या मुरायला वेळ लागतो.

परिमेय संख्यांच्या चौदा तासिका

प्रत्येक प्रकरणाचं इतकं बारीक नियोजन मी करत नाही. आठांपैकी दोनांचंच करतो, परिमेय आणि बैजिक. बाकीची पुस्तक आणि अनुभव यांच्यावर चालतात.

पहिल्या दोन तासिका भिन्न छेदांच्या बेरजेला. हे सहावीचं आहे हे खरं, पण २/५ वाला गठ्ठा आठवा. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या, एक अर्ध्यात दुमडलेली, एक तिसऱ्या हिश्शात. दोन्ही तुकडे जोडून ठेवले की ते एकूण पट्टीच्या अर्ध्याहून जास्त भरतात आणि २/५ तर अर्ध्याहूनही कमी. मूल स्वतःच म्हणतं, ‘सर, असं कसं?’ तो प्रश्न येईपर्यंत नियम सांगू नका.

पुढच्या दोन तासिका ऋण परिमेय संख्यांना. खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधा, मधोमध शून्याची चिठ्ठी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मुलं आपापल्या चिठ्ठ्या लावतील. −१/२ आणि −३/४ यांत मोठी कोणती यावर भांडण होऊ द्या. सुतळी आठवडाभर काढू नका.

मग तीन तासिका बेरीज-वजाबाकी, दोन गुणाकार-भागाकार. भागाकारात ‘उलटा करून गुणा’ हे सूत्र मुलांना पाठ असतं आणि कारण ठाऊक नसतं. तीन भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, किती जणांना पुरतील? सहा. म्हणजे ३ ÷ १/२ = ६. भागून उत्तर मोठं कसं आलं हे एकदा भाकरीवर पटलं की पुढे सूत्र खुशाल वापरा.

एक तासिका दोन परिमेय संख्यांच्या दरम्यानच्या संख्यांना. मग दोन दशांशरूपाला, आणि इथे थोडं रेंगाळा. १/७ चा भागाकार फळ्यावर मुलांकडून करून घ्या, प्रत्येक पायरीला एकाने उठायचं. बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १, आणि बाकी १ आली की आपण पुन्हा जिथून निघालो तिथे. म्हणून ०.१४२८५७ आणि पुन्हा तेच आकडे. सातने भागताना बाकी १ ते ६ एवढीच असू शकते, तेव्हा सहा पायऱ्यांच्या आत काहीतरी परत येणारच! गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मग तेराने भागलं तर बारा आकडे येतील का? घरी करून बघ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती सहाच आकडे घेऊन आली आणि जरा रागावलेली होती. असा प्रश्न येण्यासाठी नियोजनात जागा लागते, मोकळ्या सहा तासिकांपैकी एक मी तिथे खर्च केली.

तेरावी तासिका पदावलीला, म्हणजे कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम). चौदावी छोट्या चाचणीला, पुस्तक उघडं ठेवून.

बैजिकच्या दहा तासिकांपैकी चार नुसत्या सजातीय पदांना द्या. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, फळ्यावर मी जुन्या वळणाने क्ष आणि य घेतो. त्यामुळे ३क्ष + २य = ५क्षय असं कुणी लिहिलं की ‘गणिताला क्षय झाला’ म्हणता येतं, वर्ग हसतो आणि ती चूक वर्षभर लक्षात राहते. उरलेल्या सहांत गुणाकार आणि समीकरणं.

पूर्णांकांच्या गुणाकाराबद्दल एकच सांगतो. ऋण गुणिले ऋण धन का, याला कर्जाची उदाहरणं द्यायचा मोह आवरा. ‘कर्ज काढून टाकलं म्हणजे फायदा’ इथपर्यंत ती बरी, त्यापुढे मूल कर्जातच अडकतं. त्यापेक्षा ही ओळ लिहा: (−४) × ३ = −१२, (−४) × २ = −८, (−४) × १ = −४, (−४) × ० = ०. दर पायरीला उत्तर चाराने वाढतंय. आता (−४) × (−१)? वर्गातून ‘चार’ असा आवाज येतो.

आठवड्याची घडी

सोमवार ते शुक्रवार धडा पुढे नेणारे दिवस. शनिवारी सकाळची शाळा, तासिका आखूड, मुलांचं लक्ष घरी. शनिवारी नवीन काही घ्यायचं नाही. पाढे, तोंडी हिशेब, आठवड्यातली एक गाजलेली चूक फळ्यावर, आणि गैरहजर राहिलेल्यांना शेजारच्याने समजावणं. तोंडीकामाच्या नोंदी शनिवारीच सुटतात.

दैनिक टाचणात ‘उद्दिष्टे’ या मथळ्याखाली चार ओळी भरण्यापेक्षा तीन गोष्टी लिहा: आज फळ्यावर सोडवायचं पहिलं उदाहरण, मुलं जिथे चुकतील ती जागा, आणि तास सुटताना विचारायचा एक प्रश्न. पहिलं उदाहरण आधी स्वतः सोडवून बघा. आयत्या वेळी बनवलेल्या उदाहरणात १७/२३ असलं काहीतरी येतं आणि दहा मिनिटं आकडेमोडीत जातात.

सरावसंचातलं प्रत्येक उदाहरण करायलाच हवं असं नाही. एका प्रकारचं एक वर्गात, एक घरी, आणि शेवटचं अवघड एक ऐच्छिक. पन्नास वह्या रोज दोन मिनिटांनी तपासायच्या म्हटल्या तर शंभर मिनिटं होतात, ते कुणालाच जमत नाही, आणि मग महिन्याने एकदम लाल पेनाच्या बरोबरच्या खुणांचा पाऊस पडतो. रोज एकाच रांगेच्या दहा वह्या, पण नीट. पाच दिवसांत वर्ग फिरून होतो. कुठली रांग ते आधी सांगायचं नाही.

मूल्यमापन

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून सातवीला आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं मूल्यमापन) ४० आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) ६० गुण अशी विभागणी चालत आली आहे, संकलितात तोंडी-प्रात्यक्षिकाचे १० आणि लेखी ५०. आकारिकाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: ऑक्टोबरात एका बैठकीत नोंदी भरल्या जातात. ते टाळायचं तर प्रत्येक साधनतंत्र, म्हणजे मूल्यमापनाची रीत, एकेका प्रकरणाला बांधून टाका. रचनेला प्रात्यक्षिक, परिमेयला उघड्या पुस्तकाची चाचणी, जोडस्तंभालेखाला उपक्रम (शाळेतल्या मुला-मुलींची इयत्तावार संख्या, किंवा दोन वर्षांच्या पावसाची तुलना), शनिवारांना तोंडीकाम. प्रकरण संपेल त्या आठवड्यात नोंद पूर्ण.

शाळाच पेपर काढत असेल तर लेखी पेपरचा कच्चा आराखडा जुलैतच करा. ६२ तासिकांना ५० गुण, म्हणजे परिमेयला १४ तासिकांचे साधारण ११ गुण, बैजिकला ८, कोनांना ६. आराखडा हाताशी असला की आपण कशावर जास्त वेळ घालवतोय ते दिसतं. मला एकदा दिसलं, की रचनेवर बारा तासिका गेल्या होत्या आणि पेपरात तिला सहा-सात गुण होते. मला त्रिकोण काढायला आवडतात, एवढंच त्याचं कारण.

मागे पडल्यावर

पडणारच. म्हणून दोन तारखा ठरवा, ३१ जुलै आणि गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. त्या दिवशी खिशातली वही उघडायची आणि ठरलेल्या व झालेल्या तासिका शेजारी शेजारी लिहायच्या. तीनपर्यंत फरक असेल तर मोकळ्या तासिका वापरा. त्याहून जास्त असेल तर जादा तास घेण्याआधी काय कापायचं ते ठरवा. जादा तासाला तीच मुलं येतात ज्यांना त्याची गरज कमी असते.

कापायला हे चालतं: रचनेतली एकरूपतेची ओळख आकृत्या एकमेकींवर ठेवून एका तासिकेत, जोडस्तंभालेख दोन तासिकांत, मसाविची शाब्दिक उदाहरणं निम्मी, विभागाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह निवडक. परिमेय संख्यांची बेरीज-वजाबाकी आणि बैजिक गुणाकार यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या सत्रातले समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज आणि वर्गविस्तार या दोन गोष्टींवरच उभे आहेत.

परीक्षा झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीआधी दोन-तीन दिवस शाळेत काहीच धड होत नाही, मुलांचं लक्ष किल्ल्यात आणि आकाशकंदिलात. तेव्हा पेपरचे गठ्ठे घ्या आणि एका कागदावर प्रश्नवार मोजा, कोणता प्रश्न किती मुलांनी सोडला, किती जणांचा चुकला. सोडलेला आणि चुकलेला हे वेगळे रकाने ठेवा. चुकलेल्यावर काम करता येतं, सोडलेला प्रश्न बहुधा आपण शिकवलेलाच नसतो, निदान त्या मुलापर्यंत पोहोचलेला नसतो. माझ्या वहीत गेल्या सत्राच्या पानावर खाली लिहिलंय: ‘ऋण घातांक – ५० पैकी १९ जणांनी सोडला. घातांकाला ६ नाही, ७.’ ती सातवी तासिका मी रचनेतून काढणार आहे.